जनक, कर्ता आणि करविता

इ. स. १६०९ मध्ये लंडनमधील थॉमस थॉर्प या प्रकाशकाने शेक्सपिअरची १५४ सुनीते ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. त्या लहानशा पुस्तकाच्या आरंभी एक अर्पणपत्रिका आहे. तिच्याखाली कवीचे नाव नाही, प्रकाशकाची आद्याक्षरे आहेत. ज्या गृहस्थाला ही सुनीते अर्पण केली, त्याचेही पूर्ण नाव नाही, 'डब्ल्यू. एच.' एवढी दोनच अक्षरे आहेत. या गृहस्थाला प्रकाशकाने या सुनीतांचा एकमेव 'बिगेटर' म्हटले आहे. हा शब्द आज जुनाट झाला आहे. बोलताना तो कोणी सहसा वापरत नाही. मराठीत त्याचा सरळ अर्थ सांगायचा तर 'जनक' असा सांगावा लागेल. जन्म देणारा, उत्पन्न करणारा, निर्माता.

पण येथेच अडचण उभी राहते. सुनीते शेक्सपिअरने लिहिली हे तर उघड आहे. मग त्यांचा जनक हा दुसराच गृहस्थ कसा? या एका शब्दावर इंग्रजी विद्वानांनी गेली दोन शतके रणे माजविली. काहींच्या मते जनक म्हणजे ज्याच्यामुळे कवीला स्फूर्ती झाली तो. म्हणून कोणी सदॅम्प्टनच्या अर्लचे नाव पुढे केले, तर कोणी पेम्ब्रोकच्या अर्लचे. दुसऱ्या पक्षाने म्हटले की, ज्याने या कवितांचे हस्तलिखित कोठून तरी मिळवून प्रकाशकाच्या हाती दिले, तोच हा जनक. तिसरा पक्ष म्हणाला, एवढे लांब कशाला जावे? जनक म्हणजे स्वतः कवीच. आद्याक्षरे छापताना चूक झाली असावी.

हे तिन्ही पक्ष अगदीच निराधार नाहीत. शब्दाची घडणच तशी आहे. प्राचीन इंग्रजीत ज्या धातूपासून हा शब्द आला, त्याचा मूळ अर्थ 'मिळविणे, संपादन करणे' असा होता. पुढे तो 'अपत्य मिळविणे' या अर्थाकडे वळला आणि १६११ सालच्या इंग्रजी बायबलातील वंशावळींत अमक्यापासून अमका जन्मला हे सांगण्यासाठी तोच धातू पुनःपुन्हा आला. त्यानंतर कल्पना, ग्रंथ, चळवळ यांच्या उत्पादकालाही तो लागू झाला. म्हणजे मिळविणारा, जन्म देणारा आणि कारण होणारा असे तिघेजण त्या एका शब्दाच्या छपराखाली राहत होते. हाताने वस्तू घडविणाऱ्यासाठी इंग्रजीत 'राइट' हा निराळा शब्द होता. चाके करणारा, जहाजे बांधणारा, नाटके रचणारा यांच्या जुन्या नावांत तो अजून टिकून आहे. स्कॉटलंडमध्ये तर कवीलाच 'मकार', म्हणजे घडविणारा, म्हणत. आणि तेथील राष्ट्रकवीचे पद २००४ साली निर्माण झाले, तेव्हा त्याला हाच जुना शब्द दिला गेला. ईश्वरालाही इंग्रजीत 'मेकर' म्हणण्याची जुनी रीत आहे.

शेक्सपिअरच्या अर्पणपत्रिकेचा निकाल अद्याप लागलेला नाही. मात्र त्या शब्दाच्या पोटी जे तीन अर्थ नांदत होते, ते तिन्ही स्पष्टपणे वेगळे दिसावेत असे एक उदाहरण त्याच शतकात, लंडनपासून हजारो मैलांवर, बेंगळुरू येथे घडले. आणि ते मराठी माणसाच्या अगदी जवळचे आहे.

बेंगळुरूचा संस्थापक म्हणून येलहंक्याचा नाडप्रभू केंपेगौडा याचे नाव घेतले जाते. विजयनगरच्या या मांडलिकाने १५३७ च्या सुमारास येथे मातीचा कोट घातला आणि पेठ वसविली. पुढे शंभर वर्षांनी, १६३८ साली, रणदुल्लाखानाच्या विजापुरी फौजेने हे शहर घेतले. त्या मोहिमेत शहाजीराजे भोसले होते. बेंगळुरू त्यांना जहागीर म्हणून मिळाले आणि त्यांच्या दरबाराचे ते ठिकाण झाले. संस्कृत पंडित, कानडी व तेलुगू कवी, मराठी मुत्सद्दी आणि उत्तरेकडून आलेले भाट हे सर्व ज्या एका दरबारात एकत्र बसत, असा तो दरबार होता.

याच दरबारात जयराम पिंड्ये नावाचा कवी आला. तो बारा भाषांत कविता करी. त्याने रचलेला 'राधामाधवविलासचंपू' हा ग्रंथ नावावरून राधाकृष्णाच्या शृंगाराचा वाटतो आणि त्याचा संस्कृत भाग तसा आहेही. परंतु पुढे ग्रंथाचा रोख बदलतो आणि शहाजीराजे, त्यांचा दरबार, तेथे येणारे कवी व त्यांना घातलेल्या समस्या यांचे चित्र समोर येते. या भागात निरनिराळ्या भाषांतील पद्ये आहेत. त्यांपैकी उत्तरेकडील भाषेतले एक पद्य महाराष्ट्रात विशेष प्रसिद्ध आहे. त्यात जगदीश विरंचीला, म्हणजे ब्रह्मदेवाला, विचारतो की, ही सृष्टी तू रचलीस खरी, पण तिच्या राखणीला कोठे कोणाला ठेवले आहेस? ब्रह्मदेव हिशेब देतो आणि शेवटी सांगतो की, उत्तर आणि दक्षिण या दोन दिशा राखण्यासाठी इकडे शहाजी ठेवला आहे आणि तिकडे शहाजहान.

स्तुतिकाव्य म्हणून हे पद्य सोडून देता येईल. पण त्यातील प्रश्नोत्तराची रचना लक्षात घेण्यासारखी आहे. प्रश्न विचारणारा एक, सृष्टी रचणारा दुसरा आणि ती राखणारा तिसरा. स्वतः निर्मात्याला, साक्षात विरंचीला, येथे एखाद्या कारभाऱ्याप्रमाणे जाब द्यावा लागतो. निर्मिती हे एकट्याचे काम नव्हे, ही जाण दरबारी कवीच्या विनोदातही आहे.

आता या ग्रंथालाच तो जुना इंग्रजी शब्द लावून पाहावा. 'राधामाधवविलासचंपू'चा जनक कोण? लेखणी जयरामाची, म्हणून कर्ता तो. पण शहाजीराजांचा दरबार नसता, त्यांची गुणग्राहकता नसती, तर हा ग्रंथ या रूपात जन्मास आला नसता. म्हणून स्फूर्ती देणारे आणि आश्रय देणारे जनक ते. आणि हा ग्रंथ मराठी वाचकांच्या हाती आला तो इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांच्यामुळे. त्यांनी १९२२ साली त्याचे संपादन करून, दीर्घ प्रस्तावनेसह तो प्रसिद्ध केला. त्या प्रकाशनापूर्वी हा चंपू सामान्य वाचकाच्या दृष्टीने नसल्यासारखाच होता. तेव्हा 'हस्तलिखित मिळवून देणारा' या सर्वांत जुन्या अर्थाने जनक राजवाडे. इंग्रज विद्वान ज्या तीन अर्थांवरून भांडले, ते तिन्ही या एका ग्रंथात सुखाने नांदतात. कारण येथे तिघांचीही नावे ठाऊक आहेत. नावे ठाऊक असली म्हणजे शब्दावरून भांडण होत नाही. भांडण होते ते नाव गहाळ झाल्यावर.

नाव गहाळ कसे होते, हे पाहण्यासाठी बेंगळुरूपासून दीडशे किलोमीटरांच्या आत असलेल्या श्रवणबेळगोळ येथे जावे लागते. तेथील विंध्यगिरी टेकडीवर गोमटेश्वराची सुमारे ५७ फूट उंचीची, एकाच पाषाणातून घडविलेली मूर्ती आहे. गंग राजाचा मंत्री व सेनापती चावुंडराय याने ती ९८१ च्या सुमारास उभी केली. मूर्तीच्या पायाशी लहान लेख कोरलेले आहेत, आणि ते कानडी, तमिळ व मराठी अशा तीन भाषांत आहेत. मराठी लेखाच्या दोनच ओळी आहेत. पहिलीत सांगितले आहे की, श्रीचावुंडराजाने हे 'करवियलें'. आणि दुसरीत सांगितले आहे की, श्रीगंगराजाने सुत्ताले, म्हणजे भोवतालचा प्राकार, 'करवियलें'. बेंगळुरूत जन्मलेल्या आणि म्हैसूर संस्थानात पुरातत्त्वाचे मोठे काम केलेल्या बी. एल. राइस यांनी १८८९ साली श्रवणबेळगोळचे शिलालेख ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले, आणि या ओळी विद्वानांच्या चर्चेत आल्या.

मराठीचा आद्य शिलालेख म्हणून अनेक पिढ्यांनी या ओळींकडे अभिमानाने पाहिले. पुढे संशोधकांनी दाखवून दिले की, दुसऱ्या ओळीतील गंगराज हा होयसळ राजा विष्णुवर्धन याचा मंत्री. त्याचा काळ बाराव्या शतकाचा आरंभ. दोन्ही ओळींचे वळण एकच असल्याने हा लेख त्या काळाच्या आधीचा मानता येत नाही. त्यामुळे कालक्रमात शके ९३४, म्हणजे इ. स. १०१२, हा काळ असलेला कुलाब्याकडील आक्षीचा लेख त्याच्या पुढे गेला. परंतु आद्यत्वाच्या या वादात लेखातील खरा मोलाचा शब्द दुर्लक्षित राहिला. तो शब्द म्हणजे 'करवियलें'.

चावुंडराजाने हे 'केले' असे लेख म्हणत नाही. 'करविले' असे म्हणतो. कानडी लेखातही 'माडिदं', म्हणजे केले, असे नाही. 'माडिसिदं', म्हणजे करविले, असे आहे. तमिळ लेखातील क्रियापदही करविण्याचेच आहे. तीन भाषा, दोन निरनिराळी भाषाकुळे. पण तिन्ही लेख एका बाबतीत काटेकोर आहेत. राजमान्य मंत्र्याला हातात छिन्नी धरल्याचे श्रेय त्यांनी दिलेले नाही. चावुंडराय स्वतः ग्रंथकर्ता होता. कानडी गद्यातला त्याचा महापुराणाचा ग्रंथ ९७८ चा आहे. केलेले आणि करविलेले यांतील अंतर अशा पुरुषाला कोणी शिकवावे लागले नसेल.

हे अंतर आपल्याकडे फार जुने आहे. पाणिनीने कर्त्याची व्याख्या करताना 'स्वतंत्र' असलेल्याला कर्ता म्हटले, आणि लगेच पुढच्या सूत्रात सांगितले की, त्या कर्त्याला प्रवृत्त करणाऱ्याला 'हेतू' म्हणावे, आणि कर्ताही म्हणावे. या शेवटच्या सवलतीत मोठे शहाणपण आहे. करविणाराही एका अर्थाने कर्ताच. पण त्यामुळे मूळ कर्ता नाहीसा होत नाही. मराठी व्याकरणात याच भेदाला प्रयोजक क्रियापद असे नाव मिळाले. करणे आणि करविणे, लिहिणे आणि लिहविणे, बांधणे आणि बांधविणे. एक अक्षर वाढते आणि वाक्यात दुसरा माणूस उभा राहतो. मराठी माणूस देवाचे वर्णन करतानाही नुसते 'कर्ता' म्हणून थांबत नाही. 'कर्ता करविता' म्हणतो. दोन्ही भूमिका एकाच ठिकाणी असणे हे देवालाच शक्य, माणसांत त्या वाटून घ्याव्या लागतात, असा या जोडशब्दाचा आशय आहे.

मग श्रवणबेळगोळच्या लेखाचे काय चुकले? चुकले एवढेच की, करविणाऱ्याचे नाव त्याने सांगितले आणि करणाऱ्याची जागा मोकळी ठेवली. 'करवियलें' हे क्रियापद उच्चारताच 'कोणाकडून?' असा प्रश्न मनात येतो. त्या ओळींत त्याचे उत्तर नाही. एवढ्या प्रचंड शिळेतून ती शांत मुद्रा ज्याने बाहेर काढली, त्याच्याविषयी ते क्रियापद फक्त इतकी साक्ष देते की, तो होता.

हा त्या काळाचा दोष म्हणावा, तर तसेही नाही. ज्या विष्णुवर्धनाच्या मंत्र्याने गोमटेश्वराभोवती प्राकार बांधविला, त्याच विष्णुवर्धनाने १११७ साली बेलूरचे चेन्नकेशव मंदिर उभारले. तेथील मूर्तींखाली शिल्पकारांनी आपली नावे कोरली आहेत. बळ्ळिगाव्याचा दासोज आणि त्याचा मुलगा चावण ही नावे आजही वाचता येतात. पुढील शतकात मल्लितम्म या शिल्पकाराचे नाव अनेक होयसळ मंदिरांवर आले, आणि सोमनाथपूरच्या मंदिरावरही ते आहे. म्हणजे एकाच राजवटीत, एकाच प्रदेशात, दोन्ही रीती चालत होत्या. नाव कोरू देणे ही अशक्य गोष्ट नव्हती. ती करविणाऱ्याच्या मनावर होती.

आधुनिक बेंगळुरूकडे वळले तरी हाच प्रश्न समोर येतो. तेथील विधानसौधाची कोनशिला १३ जुलै १९५१ रोजी पंडित नेहरूंनी बसविली आणि १९५६ मध्ये ती भव्य ग्रॅनाइटी वास्तू पूर्ण झाली. तिच्या आजच्या रूपाचे श्रेय मुख्यमंत्री केंगल हनुमंतय्या यांना दिले जाते, आणि ते योग्यच आहे. मूळचा साधा आराखडा बाजूला ठेवून द्राविडी शैलीची ही कल्पना त्यांनी आग्रहाने पुढे नेली आणि खर्चाबद्दलची टीकाही सोसली. स्थापत्याचे काम मुख्य अभियंता बी. आर. माणिकम यांनी पाहिले. आणि दगड? तो फोडला, वाहिला आणि घडविला सुमारे पाच हजार मजुरांनी, ज्यांत तुरुंगातील कैदी पुष्कळ होते, आणि दीड हजार पाथरवट, गवंडी व सुतारांनी. पहिल्या दोन पायऱ्यांवर व्यक्तींची नावे आहेत, तिसऱ्या पायरीवर केवळ संख्या आहे. दर्शनी भागावर 'सरकारचे काम हे देवाचे काम' या आशयाचे वाक्य कोरलेले आहे. देवाचे काम म्हटले की कर्ता आणि करविता दोघेही आलेच, पण वाक्य वाचणाऱ्याला सहसा त्यांतला एकच आठवतो.

या विसराळूपणाला मराठी व्यवहारानेही हातभार लावला आहे. इमारतीच्या कोनशिलेवर 'अमुक यांच्या शुभहस्ते' असे लिहिलेले असते. हा 'हस्त' ज्याचा असतो, त्याने थापीला एक क्षणभर स्पर्श केलेला असतो. ज्यांच्या हातांनी भिंती उभ्या केल्या, त्या हातांचा उल्लेख शिलेवर नसतो. 'जनक' शब्दाचेही तसेच झाले आहे. अमुक शास्त्राचे जनक, तमुक चळवळीचे जनक, या योजनेचे जनक, असे शब्द भाषणांतून सरसकट वापरले जातात. त्या व्यक्तीने ती गोष्ट स्वतः केली, दुसऱ्याकडून करविली, की कोणी केलेली शोधून जगापुढे आणली, हे सांगण्याची गरज कोणाला वाटत नाही. शेक्सपिअरच्या प्रकाशकाने जो घोटाळा एका शब्दाने केला, तोच घोटाळा येथे रोज होतो. फरक इतकाच की, इंग्रजीत त्या शब्दाचा अर्थ मुळातच धूसर होता. मराठीत मात्र भेद दाखविणारे स्वच्छ क्रियापद हाताशी असताना तो केला जातो.

करविणाऱ्याची थोरवी यात कमी होत नाही. चावुंडराय नसता तर ती शिळा टेकडीचा माथा म्हणून राहिली असती. शहाजीराजांचा आश्रय नसता तर जयरामाच्या बारा भाषा बारा वाटांनी गेल्या असत्या. धन, आज्ञा, जागा आणि निश्चय या चार गोष्टी पुरविणारा माणूस निर्मितीचा खरोखरच भागीदार असतो. प्रश्न आहे तो दुसऱ्या भागीदाराचे नाव खतावणीतून खोडले जाते की काय, एवढाच.

२०२२ च्या ११ नोव्हेंबर रोजी बेंगळुरूच्या विमानतळाजवळ केंपेगौडाच्या १०८ फुटी कांस्य पुतळ्याचे अनावरण झाले. त्या शहराविषयी एक दंतकथा आहे. केंपेगौडाने एका मोक्याच्या जागी चार नांगर जुंपले, ते चार दिशांना हाकले आणि त्या तासांवर पेठेचे मुख्य रस्ते आखले गेले. दंतकथेने नांगरांची संख्या लक्षात ठेवली, नांगरकऱ्यांची नावे नाही. मात्र त्या संस्थापकाचा पुतळा कोणी घडविला, हे या वेळी सर्वांना ठाऊक होते. तो धुळे जिल्ह्यातील गोंदूर या गावी १९२५ साली जन्मलेल्या राम सुतार यांनी घडविला. आडनावच 'सुतार', इंग्रजीतल्या जुन्या 'राइट' शब्दाचा जणू मराठी भाऊ. कानडी नगरकर्त्याची मूर्ती मराठी मूर्तिकर्त्याने करावी आणि दोघांचीही नावे एका दमात घेतली जावीत, हे श्रवणबेळगोळच्या त्या दोन ओळींना नऊ शतकांनंतर मिळालेले उत्तर म्हणता येईल.

पण त्याहून सुंदर उत्तर मराठी इतिहासात आधीच दिले गेले होते, आणि ते शहाजीराजांच्या पुत्राच्या राजधानीत. रायगडावर जगदीश्वराच्या मंदिराजवळ शके १५९६ चा, म्हणजे राज्याभिषेकाच्या वर्षाचा, संस्कृत शिलालेख आहे. त्यात विहिरी, तलाव, बागा, रस्ते, गजशाळा आणि राजगृहे यांचा उल्लेख करून सांगितले आहे की, शिवछत्रपतींच्या आज्ञेने हे सारे हिराजीने निर्माण केले. आज्ञा एकाची, निर्मिती दुसऱ्याची, आणि दोन्ही नावे एकाच लेखात. त्याच मंदिराच्या पायरीवर मराठीत, सेवेच्या ठायी तत्पर असा, हिरोजी इंदुलकराचा निराळा उल्लेख आहे. त्याच्याविषयी आख्यायिका पुष्कळ सांगतात. त्या बाजूला ठेवल्या तरी शिलालेख पुरेसा बोलका आहे. बेंगळुरूच्या दरबारी कवीने पित्याला विरंचीने नेमलेला राखणदार म्हटले होते. रायगडावर पुत्राने आपल्या स्वतःच्या विरंचीचे नाव दगडावर राहू दिले.

कर्ता, करविता आणि जतन करणारा या तिघांमुळे कोणतीही वस्तू जगात येते आणि टिकते. जुन्या इंग्रजी शब्दाने तिघांना एका नावाखाली कोंबले आणि त्यामुळे एका गृहस्थाची ओळख कायमची हरवली. मराठीला तो धोका पत्करण्याचे कारण नाही. 'केले' कोणी आणि 'करविले' कोणी हे सांगायला तिला एक अक्षर पुरते. ते अक्षर जपून वापरणे आणि 'करविले' म्हटल्यावर 'कोणाकडून?' हेही सांगणे, एवढी प्रामाणिकपणाची अपेक्षा कोनशिला कोरणाऱ्यांकडून आणि इतिहास लिहिणाऱ्यांकडून ठेवावयास हरकत नाही.